प्रवेशाच्या दारात आठ मिनिटं: आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुलं पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
म्हसरूळ, नाशिक



आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रवेश घ्यायला येणाऱ्या मुलामुलींच्या फायली मी नोकरीत असताना पुष्कळ तपासल्या. दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटीचा किंवा नीटचा स्कोअर, जातवैधता, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, फिटनेस सर्टिफिकेट, सगळं ओळीने लावलेलं. एक कागद कमी पडला तरी प्रवेश अडतो. पण ही मुलगी कण्हणाऱ्या माणसाजवळ जाऊन काय बोलेल, हातून चूक झाली तर सांगेल की लपवेल, समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा समजावेल की आवाज चढवेल, याबद्दल त्या फायलीत अक्षरही नसतं. कारण ते कुणी पाहिलेलंच नसतं. चार-साडेचार वर्षं शिकवून झाल्यावर, रुग्णांच्या तक्रारी आल्यावर आपण ते पहिल्यांदा पाहतो.

ते प्रवेशाच्या वेळीच पाहिलं जावं, आणि स्टेशनवार मुलाखतीच्या पद्धतीने पाहिलं जावं, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी नर्सिंगची निवृत्त पाठ्यनिर्देशिका आहे. पत्र खुलं ठेवलं, कारण हा विषय एकट्या विद्यापीठाच्या हातातला नाही. सीईटी सेल, वैद्यकीय शिक्षण विभाग, कॉलेजांचे प्राचार्य आणि पालक या सगळ्यांनी हे पत्र वाचायला हवं.

ही पद्धत कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातली. केविन इव्हा, जॅक रोझेनफेल्ड, हॅरोल्ड रायटर आणि जेफ्री नॉर्मन यांनी २००४ साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॅनेलसमोर एकदाच बसवून मुलाखत घेण्याऐवजी त्यांनी उमेदवाराला दहा खोल्यांतून फिरवलं. प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला कागद. तो वाचायला दोन मिनिटं, आत आठ मिनिटं. घंटा वाजली की पुढचं दार. कुठे एखादा नट रडवेल्या सहकाऱ्याची भूमिका करत बसलेला, कुठे नैतिक पेच, कुठे दुसऱ्या उमेदवारासोबत मिळून करायचं काम. प्रत्येक खोलीत परीक्षक वेगळा, आणि आधीच्या खोलीत काय झालं हे त्याला ठाऊक नसतं.

आपल्या परीक्षा विभागाला यातलं काहीच परकं वाटणार नाही, कारण ही आपल्या ऑस्कीचीच बहीण आहे. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीतून ऑस्की जगासमोर मांडली आणि आज आपली नर्सिंगची, मेडिकलची मुलं घंटेवर स्टेशनं बदलत प्रॅक्टिकल देतात. मॅकमास्टरच्या मंडळींनी तीच घंटा उचलून प्रवेशाच्या दारात नेली.

त्यामागचं कारण मला फार पटतं. माणूस एका प्रसंगात कसा वागतो यावरून दुसऱ्या प्रसंगात कसा वागेल हे नीट सांगता येत नाही. घरच्या आजारी आजीशी मायेने बोलणारी मुलगी दारू प्यायलेल्या रुग्णाला झिडकारू शकते. वादविवाद स्पर्धा गाजवणाऱ्या मुलाला ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द जड जाऊ शकतात. म्हणून एका खोलीत परीक्षक वाढवून फारसा फायदा होत नाही. खोल्या वाढवल्या की होतो. पाच परीक्षक एकत्र बसवले तर ते पाचही जण एकाच प्रसंगातलं एकच वागणं पाहतात. तेच पाच जण पाच दारांआड बसवले तर पाच वेगळे प्रसंग दिसतात. शिवाय एका स्टेशनवर पाय घसरलेल्या मुलीला पुढच्या दारात पाटी कोरी मिळते. पॅनेलसमोर पहिल्याच प्रश्नाला गांगरलेली खेड्यातली मुलगी उरलेला सगळा वेळ ‘गांगरलेली’ म्हणूनच पाहिली जाते, हे मी परीक्षक म्हणून अनेकदा अनुभवलं आहे.

शिवाय असे निवडलेले विद्यार्थी अभ्यासात मागे पडतात असंही नाही. या पद्धतीने प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांना पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय परवाना परीक्षेत नाकारलेल्यांपेक्षा जास्त गुण मिळाले, असं इव्हा यांच्याच गटाने २०१२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. आणि उलट बाजूचा पुरावा २००५ सालच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आहे. मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ज्या डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई झाली त्यांची विद्यार्थिदशेतली दप्तरं काढून पाहिली. बेजबाबदार वागण्याच्या नोंदी त्यांच्या दप्तरांत इतरांच्या तुलनेत कितीतरी जास्त सापडल्या. म्हणजे खुणा आधीपासून होत्या. त्या दिसत असताना कुणी थांबून पाहिलं नाही.

आता आपल्या देशातली पहिली अडचण. मुलाखत म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो वशिला. आणि हा संशय पोकळ नाही, त्याला इतिहास आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनीअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. एकेका मुलाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि त्यातही वडील काय करतात, राहता कुठे, असले प्रश्न विचारले, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. अजय हासिया खटल्याचा तो निकाल १९८० सालचा, न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेला. मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणं मनमानी ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं आणि मुलाखती टेप करून ठेवणं इष्ट, अशीही सूचना केली. मुलाखतच नको, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही.

कुणी स्टेशनवार मुलाखतीला विरोध केला की मी हाच निकाल त्याच्यापुढे ठेवते. कारण न्यायालयाला जे खटकलं त्या प्रत्येक गोष्टीवर या पद्धतीत इलाज आहे. वेळ ठरलेला आणि सगळ्यांना सारखा. प्रश्न लेखी आणि सगळ्यांना तेच. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, शाळा यांतलं काही परीक्षकासमोर येत नाही. छातीवर फक्त क्रमांक. आठ खोल्या धरल्या तर आठ परीक्षकांपैकी एकाला कुणी गाठलं तरी निकालाचा एक अष्टमांशच त्याच्या हातात. आणि १५ टक्क्यांची मर्यादा जशीच्या तशी पाळून, खोलीत कॅमेरा लावून हे सगळं करता येतं.

महाराष्ट्राला हा विचार नवाही नाही. पुण्याच्या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, आजही नीटच्या गुणांवर मुलांना बोलावतात, मग भाषा आणि तर्काची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेतात. ज्याच्या हाती जवानाचा जीव द्यायचा त्याच्याशी आधी बोललं पाहिजे, हे सैन्याला पटलेलं आहे. एएफएमसीच्या माजी अधिष्ठाता लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांनी २०२१ साली याच विद्यापीठाचं कुलगुरुपद स्वीकारलं, तेव्हा हा अनुभव म्हसरूळच्या आवारातही पोचलेला आहे. आपल्या सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या बाळंतिणीचा जीव कमी मोलाचा नाही, एवढंच मला त्यात घालायचं आहे.

सेवाग्रामचं उदाहरण तर आपल्याच संलग्न कॉलेजांतलं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाची नीट येण्यापूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असायची. हेतू मोठा होता. पण गांधीविचारही पाठ करून लिहिता येतो; ग्रामसेवेवर उत्तम निबंध लिहिणारा मुलगा गावात राहीलच असं नाही. मला सेवाग्रामचं दुसरं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं: प्रवेश झाल्यावर मुलांना आधी आश्रमात राहायला पाठवायचं. तिथे प्रश्नपत्रिका नसते, वागणं दिसतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही असंच मुलांना बोलावून घेऊन त्यांचं वागणं बघायचं, मुलाखती घ्यायचं आणि मग निवडायचं. तो हक्क टिकावा म्हणून त्यांनी २०१७ साली एमबीबीएसच्या शंभरपैकी एकच जागा भरली. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट सर्वांना बंधनकारक असल्याचं सांगितलं आणि तो विषय संपला.

मी नीटच्या विरोधात नाही. देणगीच्या थैल्या मोजून मिळणारे प्रवेश माझ्या पिढीने पाहिलेत; एका परीक्षेने त्यांना बराच चाप बसला. पण १८० प्रश्न आणि ७२० गुणांवर माणूस पुरता मोजता येत नाही, हेही खरं. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले. सुधारित अंतिम निकालात ते १७ उरले. एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाच्या उत्तरावरून आणि वाढीव गुणांवरून हजारो मुलांची रँक खालीवर झाली. अशा अटीतटीच्या ठिकाणी दोन मुलांमधला फरक एका बरोबर-चूक गोळ्याने ठरतो. त्या दोघांना माणसासमोर उभं करून पाहायला काय हरकत आहे?

यातला सगळ्यात गंभीर धोका मला वशिल्याचा वाटत नाही. स्टेशनं चुकीच्या लोकांनी लिहिली तर काय होईल, याची मला जास्त काळजी आहे. इंग्रजीत लिहिलेले प्रसंग, परीक्षक म्हणून सगळे प्राध्यापक, आणि ‘युथनेशिया’वर मत मांडा असले विषय ठेवले तर गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळेतला मुलगा बाजी मारेल आणि पेठची मुलगी पुन्हा मागे राहील. लेखी परीक्षेत निदान तिचं नाव-गाव-उच्चार कुणाला दिसत नव्हते. परदेशातले संच आणून इथे वापरायचे असतील तर हा खटाटोप न केलेलाच बरा. नाशिकची स्टेशनं नाशिकच्या वॉर्डातून निघाली पाहिजेत.

एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. सुरगाण्याकडची एक बाई जुलाबाने मलूल झालेलं मूल घेऊन आली होती. इंटर्न मुलगा हुशार, चांगल्या रँकचा. त्याने विचारलं, किती दिवसांपासून? ती म्हणाली, बाजाराच्या आदल्या दिवसापासून. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तो चिडला, तारीख सांग म्हणाला. बाई गप्प झाली आणि मग कशालाच बोलेना. शेजारच्या बेडवर सलाईन लावत असलेल्या सिस्टरने तिच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, पाच दिवस. पुढे डिस्चार्जच्या वेळी त्याच मुलाने ओआरएसची पाकिटं तिच्या हातात ठेवली, एक लिटर पाण्यात एक, म्हणाला आणि निघाला. बाईने मान हलवली. तिच्या घरात लिटरचं माप नव्हतं. सिस्टरने तिला विचारलं, घरात पाणी कशाने काढता? मग वॉर्डातला तांब्या आणि पाण्याची रिकामी बाटली आणून, किती तांबे म्हणजे एक बाटली, हे तिच्याच हातून ओतून घेतलं. द्रावण जास्त घट्ट झालं तर मुलाला अपाय, पातळ झालं तर उपयोग कमी. त्या मुलाला ओआरएसमधल्या क्षारांचं प्रमाण तोंडपाठ होतं.

हेच माझं पहिलं स्टेशन. टेबलावर ओआरएसचं पाकीट, एक तांब्या, एक लोटी, एक लिटरची बाटली. समोर एक बाई. उमेदवाराला वैद्यकीय माहिती काही नको. पाकिटावरची सूचना दारावरच्या कागदावर मराठीत लिहिलेली. काम एवढंच, की या बाईला घरी हे पाणी बरोबर करता आलं पाहिजे. पाहायचं काय, तर तो तिला आधी काही विचारतो का. तिच्याकडून करून घेतो की स्वतःच करून दाखवतो. ‘समजलं ना?’ वर थांबतो की ‘आता तुम्ही सांगा’ म्हणतो.

दुसरं स्टेशन फोनचं. जुन्या सीबीएस बसस्थानकावर उतरलेल्या, पाट्या वाचता न येणाऱ्या काकांना त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि तिथून केसपेपरच्या खिडकीपर्यंत नुसतं बोलून पोचवायचं. नकाशा उमेदवारासमोर, काका पडद्याआड, आणि काका मध्येच घाबरतात. तिसरं हजेरीचं: मैत्रीण म्हणते, माझी प्रॉक्सी लाव, आई आजारी आहे, हजेरी भरली नाही तर टर्म जाईल. इथे बरोबर उत्तर एकच नाही. मैत्रिणीला वाऱ्यावर न सोडता खोटी सही नाकारता येते का, आणि ती धडपड मुलगी कशी करते, हे ऐकायचं. चौथ्यात दुसरा उमेदवार सोबत, पाठीला पाठ लावून. एकाने आकृती सांगायची, दुसऱ्याने काढायची, मग अदलाबदल. दोष जोडीदारावर ढकलणारे इथे तीन मिनिटांत कळतात. मालेगावचा एखादा यंत्रमाग कामगार उर्दूत तक्रार सांगतोय असंही एक असावं. ऑल इंडिया कोट्यातून केरळची मुलगी आली आणि तिला मराठी येत नसेल, तर ती खुणा करते, कुणाला तरी मदतीला बोलावते, की हताश होऊन बसते, हेही बघण्यासारखंच आहे. भाषा शिकवता येते, ती शिकवायची तरतूद अभ्यासक्रमात आहेही. धीर आणि नम्रता चार वर्षांत शिकवण्यात मला फार वेळा अपयश आलं आहे.

आणि परीक्षक. इथे मी हटून बसणार आहे. आठपैकी निदान चार परीक्षक डॉक्टर किंवा प्राध्यापक नसावेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या आशाताई घ्या. अंगणवाडी सेविका घ्या. डायलिसिसला वर्षानुवर्षं येणारे रुग्ण घ्या, वॉर्डात आयुष्य काढलेल्या मावशी घ्या. कुणाच्या बोलण्याने रुग्ण मोकळा होतो आणि कुणाच्या बोलण्याने मिटतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यांना अर्धा दिवस प्रशिक्षण द्या, गुणांचा तक्ता सोपा ठेवा, नमुना म्हणून दोन-तीन उमेदवारांचे व्हिडिओ दाखवून सगळ्यांचे गुण जुळवून घ्या. ‘अशिक्षित माणूस डॉक्टरची परीक्षा घेणार का?’ असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. रोज घेतोच आहे. फक्त त्याचे गुण कुठे धरले जात नाहीत.

कायदा मला माहीत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने एमबीबीएसचा प्रवेश नीटनेच होणार, नाशिकहून त्यात काही बदलता येणार नाही. पण विद्यापीठाचे स्वतःचे फेलोशिप आणि सर्टिफिकेट अभ्यासक्रम आहेत. तिथून सुरुवात करायला कुणाची आडकाठी आहे? नर्सिंगच्या सीईटीला १५ टक्क्यांपर्यंत स्टेशनांचे गुण जोडावेत, अशी शिफारस विद्यापीठ राज्य सरकारकडे करू शकतं. आणि एमबीबीएसच्या मुलांसाठी पायाभूत अभ्यासक्रमातच ही स्टेशनं ठेवता येतील. गुण नाहीत, पास-नापास नाही. पण आशाताईने काय लिहिलं हे मुलाला बंद पाकिटात मिळेल, आणि शेवटच्या वर्षी तीच स्टेशनं पुन्हा होतील. २०१९ च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवादाचं एटकॉम आलं, पुढे कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. कागदावर दिशा ठरलेली आहे. कॉलेजांत एटकॉमचा तास पुष्कळदा सही घेण्यापुरता उरतो, हे आपल्यालाही ठाऊक असेल. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या वागण्याचा कागद हातात पडलेला मुलगा तो तास वेगळ्या कानाने ऐकेल.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. साठ जागांसाठी एकशे वीस उमेदवार बोलावले, आठ स्टेशनं, प्रत्येकी दहा मिनिटं. एक फेरी ऐंशी मिनिटांची. तीन रांगा समांतर चालवल्या तर एका फेरीत चोवीस जण, पाच फेऱ्यांत एकशे वीस. सहा तास चाळीस मिनिटं. चोवीस परीक्षक, सहा-आठ राखीव, आणि ऑस्कीला लागते तीच घंटा. एका दिवसाचं काम आहे, आणि त्या दिवशी निवडलेली माणसं पुढची तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात असणार आहेत.

कॉलेज रोडवर दुसऱ्याच दिवशी याचेही क्लास निघतील, हे मला मान्य आहे. निघू द्या. प्रसंगांचा संग्रह मोठा ठेवला, दरवर्षी बदलता ठेवला आणि समोर खरी माणसं बसवली तर क्लासवाला फार तर एवढंच शिकवेल, की रुग्णाचं बोलणं मध्ये तोडू नये आणि त्याच्या घरात काय आहे ते आधी विचारावं. ते शिकून कुणी आलं तर आमची हरकत नाही.

पहिली चाचणी लहान असावी: एकच नर्सिंग कॉलेज, एकच दिवस, निकालावर परिणाम न करणारी. पेपरात कोण पहिलं आलं आणि स्टेशनांवर कोण, हे शेजारी ठेवून बघावं आणि तो तक्ता जाहीर करावा. प्रसंग लिहायला मी येईन. माझ्या ओळखीच्या निवृत्त परिसेविका आणि अधिपरिचारिकाही येतील, आम्हाला मानधन नको. आशाताईंचं मात्र तसं करू नका. त्यांचा दिवस बुडतो. ठिकाण म्हसरूळचं आवारच ठेवा, दिंडोरी-वणीकडची एसटी तिथूनच जाते. काम चारच्या आत आटपा म्हणजे त्या उजेडात घरी पोचतील, आणि भत्ता बिलं मागवून तीन महिन्यांनी न देता त्याच दिवशी हातात द्या.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
नाशिक